मधल्या मापाचा सदरा

मी भिंतीवरचा सदरा बोलतोय. अंगावरचा नव्हे, भिंतीवरचा. मला कुणी विकत घेतलं नाही, कुणी घालून लग्नाला गेलं नाही. माझा जन्म झाला तोच मुळी इतरांनी माझ्यासारखं व्हावं म्हणून. कारखान्यात मला नमुना म्हणतात.

कारखाना म्हणजे काय, एक लांबट खोली. एका बाजूला शिलाईच्या मशिनींची रांग, मधोमध कापड कापायचं मोठं मेज, दाराशी तपासणीचं टेबल आणि त्या टेबलामागच्या भिंतीवर मी.

मला कापलं मास्तरांनी. तेव्हा त्यांचे केस काळे होते आणि मालकांशी त्यांची दोस्ती नवी होती. धंदा दोघांनी मिळून उभा केला, पैसा मालकांचा आणि हात मास्तरांचा. पहिला सदरा कुणाच्या मापाचा करायचा, यावर दोघांचा वाद झाला.

मालक म्हणाले, "माझं माप घे. ना जाड, ना बारीक. मधलं माप म्हणजे मीच."

"पोट सोडून बोलताय ना?" मास्तर म्हणाले.

"पोट धरून घे. गिऱ्हाइकांनाही पोटं असतात."

असा मी झालो. छातीत थोडा मोकळा, खांद्यात नेटका. माझ्या खिशावरची रेघ अंगावरच्या रेघेला अशी मिळालेली, की खिसा शोधावा लागायचा. कॉलरची दोन्ही टोकं सारखी. आतून उलटा केला तरी एक दोरा लोंबताना दिसायचा नाही. मालक म्हणायचे, सदरा बाहेरून सगळेच बघतात, आतून बघेल तो खरा पारखी.

पुढे रीत पडली. नवीन माल शिवायला घेतला की त्यातला पहिला सदरा मेजावर पसरायचा, मला खुंटीवरून काढायचं आणि त्याच्यावर बसवायचं. खांद्याला खांदा, बाहीला बाही. जुळलं की मालक माझ्या पाठीवर थाप मारायचे आणि म्हणायचे, "चला, भाऊ-भाऊ आहेत. होऊ द्या."

ती थाप मला फार आवडायची. उगाच खोटं का बोलू?

मग एका सकाळी मालक आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. त्यानंतर मालकीणबाई आल्या, त्यांच्या खुर्चीवर बसल्या आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. खोलीत माणसं होती, म्हणून रडल्या नाहीत. दुपारी त्यांनी एक पारदर्शक पिशवी आणली, मला तिच्यात घातलं आणि परत टांगलं.

"यांच्या मापाचा आहे," त्या म्हणाल्या. "याला आता कुणी हात लावायचा नाही."

कुणी लावला नाही. माणसं मायेनंसुद्धा एखाद्याला कोंडून ठेवतात, हे मला तेव्हा कळलं. पिशवीत धूळ येत नव्हती, पण हातही येत नव्हते.

नमुना गेला, तरी काम थांबत नाही. मापाचं सगळं आता टेपवर आलं. तपासणीच्या काकूंच्या गळ्यात कापडी टेप असायचा. काकू फार टापटिपीच्या, फक्त धागे कापायची त्यांची छोटी कात्री सारखी हरवायची. म्हणून त्यांनी ती टेपच्या टोकालाच बांधून टाकली. संध्याकाळी जाताना टेप माझ्या समोरच्या खिळ्याला अडकवायच्या आणि खाली कात्री लोंबत राहायची. मला वाटायचं, बरं झालं, मला सोबत मिळाली.

काही वर्षांनी मास्तरांचे फर्मे झिजले. फर्मे म्हणजे पुठ्ठ्याचे कापलेले आकार. पाठ, पुढा, बाही, कॉलर असे. ते कापडावर ठेवायचे आणि कडेनं खडू फिरवायचा. मास्तर नवे फर्मे काढायला बसले, तेव्हा काकू म्हणाल्या, "तुमचा टेप एक, माझा एक असं नको. माझाच घ्या. तपासणार मीच आहे, मग भांडण नको."

मास्तर हसले. "भांडायला तुम्हाला टेप लागतो होय?" म्हणाले आणि घेतला टेप.

पुढचं दुखणं तिथून सुरू झालं. पण तेव्हा कुणालाच काही दुखलं नाही.

मालकीणबाई हिशेबाला पक्क्या होत्या. एक सदरा आपल्याला कितीला पडतो, हे त्या बोटांवर सांगायच्या. कापड, दोरा, बटणं, मजुरी, वीज आणि वर थोडं चुकीसाठी. यात सगळ्यात भारी कापड. एका ताग्यात किती सदरे निघतात, हे मालकांच्या वेळेपासून ठरलेलं होतं. आता दर ताग्यामागे दोन कमी निघायला लागले.

"मास्तर, तागा पुरत नाही," एक दिवस त्या म्हणाल्या.

"पन्हा कमी आला असेल, वहिनी."

"पन्हा मी मोजला. लांबीही मोजली, लोखंडी मीटरनं."

"मग चिंध्या जास्त होत असतील."

"चिंध्यांचं पोतं वजन करून बघितलं."

फर्मे मोजले, बरोबर. तयार सदरे मोजले, तेही बरोबर. मोजलं काकूंनी, सगळ्यांच्या देखत. कापड आलेलं पूर्ण, माल मापात, चिंध्या तेवढ्याच. मग दोन सदऱ्यांचं कापड जातं कुठं? अशा वेळी माणूस कापडाकडे बघायचं सोडतो आणि माणसाकडे बघायला लागतो.

मास्तरांच्या मुलीनं नुकतंच घरी लहान मुलांचे कपडे शिवायला घेतले होते. मशिनींच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. एकीनं विचारलं, "कापड कुठनं आणते म्हणे?" दुसरी म्हणाली, "बापाच्या मायेला पन्हा किती, कुणी मोजलाय?" दोघी हसल्या. मास्तर जवळच खडूला टोक करत होते. ते टोक करतच राहिले.

मालकीणबाईंनी त्यांना काही म्हटलं नाही. नुसतं सांगितलं, की उद्यापासून जाताना दारात सगळ्यांच्या पिशव्या बघायच्या. सगळ्यांच्या म्हणजे कुणाच्या, हे सगळ्यांना कळलं. पहिल्या संध्याकाळी मास्तर स्वतःहून पुढं झाले आणि आपली पिशवी टेबलावर उपडी केली. रिकामा डबा, चष्म्याचं घर, रुमाल. रुमालसुद्धा त्यांनी झटकून दाखवला.

"बघा, बाई," ते म्हणाले.

इतकी वर्षं ते त्यांना वहिनी म्हणायचे. त्या दिवसापासून बाई म्हणायला लागले. मालकीणबाईंनी मान खाली घातली, पण पिशव्या बघायचं थांबवलं नाही. त्यांच्या जागी त्या तरी काय करणार? आकडे त्यांच्या बाजूनं होते.

महिना संपला त्या दिवशी मास्तर म्हणाले, "मी उद्यापासून येत नाही. चोर म्हणवून घेऊन कात्री चालत नाही."

"मी चोर म्हटलं का तुम्हाला?"

"नाही म्हटलं. म्हटलं असतं तर भांडलो असतो."

मग त्यांनी आपल्या वस्तू गोळा केल्या आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "जाता जाता मालकांच्या सदऱ्याला इस्त्री करून ठेवतो. पिशवीत घड्या पडल्यात. चालेल ना?"

मालकीणबाईंनी हातानंच हो म्हटलं.

इतक्या वर्षांनी मला हात लागला. मास्तरांनी मला मेजावर पसरलं, कॉलर सरळ केली, पाठीवरून इस्त्री फिरवली. शेजारीच काकू त्या दिवशीचा मधल्या मापाचा माल रचत होत्या. मास्तरांनी इस्त्री बाजूला ठेवली आणि त्यांचा हात आपसूक त्या ढिगाकडे गेला. एक सदरा त्यांनी खाली पसरला, त्यावर मला बसवलं, खांद्याला खांदा लावला. त्यांनी ठरवून केलं नाही. जुन्या सवयीला निरोप घ्यायचा असतो, एवढंच.

खालचा सदरा माझ्या चारी बाजूंनी बाहेर डोकावत होता, जवळजवळ बोटभर.

"अरे," मास्तर म्हणाले, "मालकांचा सदरा आटला."

काकू वाकून बघत म्हणाल्या, "आटेल कसा? तो कधी पाण्यात गेलाय का?"

मास्तरांनी हळूच काकूंच्या गळ्यातला टेप ओढून घेतला. टोकाची कात्री मेजावर खणकन आपटली. कोपऱ्यातला लोखंडी मीटर आणून त्यांनी टेप त्याच्यावर लावला. मीटर संपला, तरी टेपचा शंभराचा आकडा अजून पुढंच होता. वर्षानुवर्षं रोज रात्री ती कात्री टेपला खाली ओढत आली होती आणि टेप बिचारा वाढत गेला होता. त्याच्यासोबत फर्मे वाढले, सदरे वाढले, आणि दोन सदऱ्यांचं कापड बाकीच्या सदऱ्यांतच मुरलं होतं.

"कापड येताना लोखंडानं मोजायचं आणि जाताना चिंधीनं," मास्तर स्वतःशीच म्हणाले.

काकूंनी तोंडाला पदर लावला. "माझ्या कात्रीनं तुमचा गळा कापला हो, मास्तर."

"चूक तुमची एकटीची नाही. मी नाही का तोच टेप घेतला?"

मालकीणबाई खुर्चीवरून उठून आल्या होत्या. त्यांनी टेप बघितला, मीटर बघितला, मला बघितलं. आत गेल्या, स्वतःची पिशवी घेऊन आल्या आणि दाराशी, त्याच टेबलावर, सगळ्यांसमोर उपडी केली. किल्ल्या, औषधाची पट्टी, मालकांचा एक छोटा फोटो.

"बघा, मास्तर," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी फोटो उचलला, शर्टाच्या बाहीला पुसला आणि त्यांच्या पिशवीत परत ठेवला. किल्ल्याही ठेवल्या.

"पिशव्या काय बघायच्या, वहिनी," ते म्हणाले. "उद्या नवे फर्मे काढावे लागतील. पुठ्ठा मागवा."

या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. माल मापात आल्यावर एका दुकानदारानं तक्रार केली, "तुमचे आधीचे सदरे बरे होते, जेवल्यावरसुद्धा व्हायचे." मालकीणबाई म्हणाल्या, "जेवणाचं माप आम्ही घेत नाही." काकूंची कात्री आता वेगळ्या दोरीला असते, आणि दर आठवड्याला त्या टेप मीटरला लावून बघतात.

माझी पिशवी काढून टाकलीय. प्रत्येक मालाचा पहिला सदरा माझ्याखाली येतो. हातांनी माझी कॉलर मऊ पडलीय, कफाची कड विरलीय. अजून थोडी वर्षं, मग माझ्यावरून दुसरा नमुना कापतील आणि मी पुसायचं फडकं होईन. त्याची मला खंत नाही.

एकच मागणं आहे. आपल्या माणसाची वस्तू जपायची असेल, तर ती वापरा. झिजू द्या. पिशवीत ती राहील कोरी, पण तुमच्या उपयोगी पडायची नाही.

काल पहिला सदरा बरोबर जुळला, तेव्हा मालकीणबाई मेजाशी उभ्या होत्या. त्यांनी जरा इकडंतिकडं बघितलं आणि माझ्या पाठीवर हलकेच थाप मारली.