घर तर समोरच होतं

मित्रांनो, मी एक जुना ओंडका आहे. आतून पोकळ. पण रिकामा म्हणू नका, माझ्या पोटात मधमाश्यांचं बिऱ्हाड आहे.

मूळचा मी तुणाच्या झाडाचा बुंधा. इकडे कुमाऊंच्या डोंगरात ही झाडं खूप. माझा मालक खीमसिंग, त्याच्या वडिलांनी मला वाकसाने कोरलं, दोन्ही तोंडांना फळ्या ठोकल्या, फटी शेणमातीने लिंपल्या, पुढे माश्यांपुरतं एक भोक ठेवलं. मग घराच्या वळचणीला आडवं ठेवलं. तिथून मी हललोच नाही. चांगल्या वर्षी माझा मध गावभर वाटला जायचा, येणारा-जाणारा मला हात लावून जायचा. पुढे माश्या पाळायला रंगीत पेट्या आल्या, आणि लोक मला 'खोड' म्हणायला लागले.

माझ्या शेजारी अजून दोन ओंडके होते. गेल्या साली अस्वलाने दोन्ही फोडले. खीमसिंगकडे तेवढा मी उरलो, आणि माझ्यातल्या माश्या. त्या गेल्या की त्याच्या घरातून मधमाश्या संपल्या.

यंदा वैशाखात दरीपलीकडच्या गावात मधपाळांचा मेळावा भरला. पाठक सर शिकवणार होते. त्यांनी निरोप धाडला, जुना ओंडका घेऊन या, त्यातलं बिऱ्हाड पेटीत कसं न्यायचं ते सगळ्यांना दाखवू. खीमसिंगला ते हवंच होतं. पेटी उचलून माडीवर ठेवता येते, अस्वलाचा हात पोचत नाही. आदल्या संध्याकाळी माझं भोक मातीने बुजवलं, मला जीपमध्ये चढवलं. रस्ता नुसता वळणावळणाचा. रात्री पाऊस झाला आणि आमच्या मागे रस्त्यावर दरड आली.

सकाळी भोक उघडलं. माश्या भराभर बाहेर पडल्या.

सगळे माझ्यापुढे उकिडवे बसले. पाठक सर म्हणाले, "आता परत येतील तेव्हा पायांकडे बघा. पिवळे गोळे दिसतील. ते पराग."

सगळे बघत राहिले. बाहेर जाणाऱ्या दिसत होत्या. आत येणारी एकही नाही.

"सर, सुट्टीवर गेल्या वाटतं," चनरसिंग म्हणाला. तो पेटीवाला, ओंडके ठेवणाऱ्यांना कायम टोचायचा. लोक हसले. थोड्या वेळाने कुणी हसेना.

मला आतून कळत होतं. पोळ्यांवर माश्यांचा जाड थर असतो, त्याची ऊब पिल्लांना मिळते. तो थर विरत चालला होता. अळ्या उघड्या पडत होत्या. राणी होती, पण राणी एकटी काय करणार.

"खीमदा, तुमचं गाव इथून किती लांब?" सरांनी विचारलं.

"जीपने पाऊण तास."

"रस्त्याने नाही हो. सरळ."

खीमसिंगने दरीपलीकडे बोट केलं. समोरच्या उतारावर निळा पत्रा चमकत होता. "ते काय, माझंच छप्पर."

सरांनी नजरेनेच अंतर मोजलं. "हे मी काल विचारायला पाहिजे होतं."

"आणि मला नको कळायला? लहानपणापासून माश्या पाळतोय. जीपमध्ये बसलो आणि डोकं ड्रायव्हरचं झालं."

मित्रांनो, माश्यांना रस्ता माहीत नसतो, जागा माहीत असते. दरीतली फुलं त्यांच्या रोजच्या ओळखीची. तिथून त्या नेहमीसारख्या घरी गेल्या. आणि घर तर इकडे आलेलं.

तेवढ्यात खीमसिंगच्या सुनेचा, जसुलीचा फोन आला. "बौज्यू, वळचणीला माश्यांचा घोस लटकलाय. शिरायला जागा शोधतायत. आणि आभाळ काळं होतंय. गारा पडल्या तर?"

"ब्वारी, त्यांच्यावर काहीतरी धर. पण जवळ जाऊ नको."

"दोन्ही कसं जमायचं, बौज्यू?"

रस्ता बंद. पायी दरी उतरायची, ओढा ओलांडायचा, पलीकडे चढायचं. खीमसिंगने मला पाठीला बांधायला दोर काढला. सरांनी अडवलं. "उभा झाला तर पोळी तुटतील. जसा आहे तसा आडवाच न्यायला हवा."

"मग पाठीवर कशाला? डोलीत नेऊ," चनरसिंग म्हणाला, आणि त्याने मेळाव्याच्या मांडवाचे दोन बांबू उपसले. मांडव एका बाजूने बसला.

माझं भोक पुन्हा बुजवलं. चौघांनी खांदे दिले. सर पुढच्या उजव्या खांद्याला, खीमसिंग त्यांच्या डावीकडे.

"डावीकडे सांभाळा खीमदा," मागून चनरसिंग ओरडला.

"माझ्या डावीकडे दरी आहे."

"म्हणून तर सांगतोय."

ओढ्याला पाणी वाढलं होतं. मधोमध सरांचा बूट घसरला. मी कलंडलो. आत एक पोळं सुटलं आणि तळाशी आपटलं. काठावर चढल्यावर खीमसिंगने मला कान लावला.

"आवाज आहे?" चनरसिंगने विचारलं.

"आहे."

"किती?"

"आहे रे. चल."

चढ लागला. नुसते श्वास. पोचलो तेव्हा जसुली लांब काठीला छत्री बांधून घोसावर धरून उभी होती. छत्रीवर पहिल्या गारा वाजत होत्या.

मला जागेवर टेकवलं. भोक उघडलं. घोस हलला नाही.

मग आतून एक माशी बाहेर आली. उंबऱ्यावर थांबली, मागचं टोक वर केलं आणि पंख फडफडवायला लागली. तिच्या शेजारी दुसरी. त्यांच्या अंगचा, 'इकडे या' सांगणारा वास वर पोचला असावा. घोसाची एक कड सुटली. मग पोत्यातून धान्य ओतावं तशा सगळ्या माझ्यात शिरल्या. खीमसिंग भिंतीला टेकून बसला आणि तोंड पुसत राहिला.

सगळं वाचलं नाही, मित्रांनो. गारठलेल्या अळ्या माश्या कितीतरी दिवस बाहेर आणून टाकत होत्या. माझ्यापुढची जमीन पांढरी दिसायची. पण बिऱ्हाड टिकलं. राणी पुन्हा अंडी घालायला लागली तेव्हा पाठक सर स्वतः चालत आले, सगळ्यांना घेऊन. पेटीत नेण्याचं काम या वेळी इथेच करायचं ठरलं, माझ्याच जागेवर, पेटीचं तोंड माझं भोक आहे त्याच दिशेला ठेवून; माडीवर ती मग थोडी थोडी सरकवत न्यायची. चनरसिंग मला उघडायला हत्यारं घेऊन आलाय. मला त्याची भीती वाटत नाही.

एवढंच सांगायचंय. कुणाला नवं, चांगलं घर द्यायला निघालात तर जरूर द्या. पण आधी बघा, ते दिवसभर फिरून संध्याकाळी परत कुठे जातात. घर तिथे न्या.