डॅशबोर्डवरचा रुमाल

"काका, हे काय घातलंय मीटरवर?"

सुजितनं खिडकीतून हात आत घालून रुमालाचं टोक चिमटीत धरलं आणि बाळाजी झटकन पुढं झाले. इंजिन जाम झालेली गाडी दोरानं ओढत उल्हासनगरच्या या सर्व्हिस सेंटरात आणून सोडली, तेव्हाही ते एवढे धास्तावले नव्हते.

"रुमाल आहे. क्रोशाचा."

"ते दिसतंय हो. पण इथं कशाला?"

आता काय सांगायचं त्याला! बायकोच्या, विठाच्या, हातात क्रोशाची सुई आली की घरातली एक वस्तू उघडी राहायची नाही. टीव्हीला रुमाल, फोनला रुमाल, फ्रिजच्या दांडीला झालर. गॅसच्या सिलिंडरलासुद्धा तिनं परकरासारखं काहीतरी विणून घातलं होतं. बाळाजी हसले, तर म्हणाली, "हसा, हसा. उघडाबोडका बसलाय बिचारा कोपऱ्यात, ते बरं दिसतं होय?" मग गाडी आली, ती तरी कशी सुटणार! पहिल्याच दिवशी विठानं वितीनं डॅशबोर्ड मोजला आणि आठवड्याभरात रुमाल तयार. पांढरा, झालरीला गुलाबी फुलं.

आणि गाडी तरी कुणासाठी घेतली होती? विठाच्या गुडघ्यांसाठीच ना! बदलापूर स्टेशनचा पूल चढताना ती मध्येच कठडा धरून उभी राहायची आणि मागच्यांना म्हणायची, "जा बाबांनो, व्हा पुढं." बाळाजींचा जन्म अंबरनाथच्या काडेपेटीच्या कंपनीत पॅकिंग करण्यात गेलेला. सायकलीच्या पुढं त्यांना काही चालवता येत नव्हतं. रिटायर झाल्यावर हा माणूस पोरासोरांबरोबर ड्रायव्हिंग क्लासला गेला, बिल्डिंगचं फाटक घासलं, वॉचमनची बोलणी खाल्ली, पण शिकला. मग दर रविवारी दोघं घरून, मांजर्लीहून, निघायची. अंबरनाथच्या शिवमंदिरात जायचं, पायरीवर घटकाभर टेकायचं, येताना उसाचा रस प्यायचा. बस, एवढंच. पण एवढ्याशासाठी विठा शनिवारीच साडी काढून ठेवायची.

गेल्या दिवाळीनंतर ती गेली. तापाचं निमित्त झालं.

रविवारी बाळाजी तरीही निघायचे. शेजारच्या रिकाम्या सीटकडं न बघता मोठ्यानं बोलायचे. "बघ, इथं पण बिल्डिंग उठली. आपण आलो तेव्हा नुसतं भाताचं खाचर होतं." बाजूच्या रिक्षावाल्यानं वळून पाहिलं की खोकल्याचं सोंग करायचे. अख्ख्या आठवड्यात त्यांचं खरं बोलणं तेवढंच. बाकीचे दिवस दूधवाल्याला "अर्धा लिटर" आणि पुण्याहून लेकीचा फोन आला की "बरा आहे", संपलं. माणूस किती एकटा पडावा त्याला काही हिशेब असतो का!

या रविवारीही ते तसेच निघाले होते. आदल्या दिवशी याच सेंटरात ऑइल बदलून घेतलं होतं. बदलणाऱ्यानं जुनं ऑइल काढलं, नवं भरलं, पण खालचा, ऑइलच्या चेंबरचा बोल्ट आवळायचा राहिला. तो रस्त्यात कुठंतरी गळून पडला आणि सगळं ऑइल डांबरावर सांडलं. आणि बाळाजी आपले विठाशी गप्पा मारत पुढं! इंजिन कडकड करायला लागलं, तर त्यांना वाटलं रस्ता खराब आहे. अंबरनाथच्या अलीकडं गाडीनं गचका दिला आणि बंद पडली, ती पडलीच.

"काका, ऑइल संपलं की मीटरमध्ये लाल दिवा लागतो," सुजित समजुतीच्या सुरात म्हणाला. सेंटरात गिऱ्हाइकांशी बोलायला हाच असायचा, पोरगा सालस होता. "किटलीसारखं चित्र असतं बघा. ही झालर बरोब्बर त्याच्यावर आलीये. बाहेर कडक ऊन, वर हे कापड. दिवा दिसणार कसा?"

बाळाजींनी वाकून पाहिलं. खरंच, झालर मीटरवर उतरली होती. आणि तेव्हा त्यांना आठवलं.

गाडीत बसलं की विठा आधी पदर सावरायची. मग वाकून, हात लांब करून, दोन बोटांनी ती झालर आत खोचायची. दर वेळी झालर घसरलेली असायची आणि दर वेळी ती खोचायची. "हं, चला," म्हणायची आणि मग बाळाजी चावी फिरवायचे. तिच्यामागं ती कुणी खोचलीच नव्हती. तिचा शेवटचा हात लागलाय तसाच राहू दे, म्हणून बाळाजींनी रुमाल धुतला नव्हता, झटकलासुद्धा नव्हता. झालर आपली रविवारमागून रविवार खाली येत गेली.

मॅनेजर मुकेशनं केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. माणूस वाईट नव्हता.

"अंकल, बोल्ट ढिला राहिला, वो हमारा गलती. मी नाही म्हणतच नाही. लेकिन लाइट लागल्याबरोबर थांबले असते ना, इंजिन वाचलं असतं. वो कपडा कोणी लावला?"

बाळाजींनी चहाचा कप बाजूला सरकवला.

"त्यांच्या मिसेसनी, सर," सुजित म्हणाला. "त्या वारल्या."

मुकेशचा चेहरा पडला. "सॉरी अंकल. मालूम नव्हतं." त्यानं जरा विचार केला. "असं करू. मी कंपनीला फोन लावतो. बोल्ट आमच्याकडून ढिला, आणि मॅडमनी मीटरवर कपडा टाकला होता म्हणून लाइट दिसली नाही. दोनो साइड का मिस्टेक. आधा खर्चा आमचा, आधा तुमचा. नवीन इंजिन बसेल. तुम्ही फक्त हो बोला."

सुजित मागून मान हलवून खुणावत होता, हो म्हणा, काका, हो म्हणा. अर्धा खर्च बाळाजींना ओढूनताणून झेपला असता. सगळा खर्च तर जन्मात नाही. आणि इंजिन नाही तर रविवार नाही. त्यांनी मान हलवली.

मुकेशनं फोन लावला. "हां सर, वही गाडी. नहीं, लाइट ठीक है, चेक किया. कस्टमर की वाइफ ने मीटर पे कपडा डाल रखा था. हां, वाइफ ने. उसी वजह से इंजिन गया..."

"थांबा," बाळाजी म्हणाले.

मुकेशनं फोनवर हात ठेवला.

"मला दिवा दिसला होता. लाल, किटलीचा. चांगला दिसला होता. मीच थांबलो नाही."

"काका!" सुजित कळवळून म्हणाला.

"अंकल, असं बोलाल तर एक पैसा नाही मिळणार. लाइट देखके भी गाडी चलाया, तर मग सगळं तुमच्यावर. जरा सोच लो."

"सोचलंय. बोल्टचं तुमचं तुमच्यापाशी. माझं माझ्यापाशी. पण तिचं नाव घ्यायचं नाही." बाळाजी खुर्चीतून उठले. "तिनं उभ्या जन्मात कशाची नासाडी केली नाही. शिळी पोळी टाकली नाही कधी. ती तुमचं इंजिन घालवेल होय?"

मुकेशनं फोनमध्ये हळूच सांगितलं, "बाद में करता हूं, सर." चहावर साय धरली होती.

गाडी ओढतच मांजर्लीला परत आली आणि बिल्डिंगच्या खाली, खांबांमधल्या तिच्या जागेवर उभी राहिली. सुजितनं रुमाल नीट घडी करून बाळाजींच्या हातात दिला होता. त्यानं आधी हात पुसले होते, ते बाळाजींच्या नजरेतून सुटलं नाही.

संध्याकाळी पुण्याहून लेकीचा, तेजस्वीचा, फोन आला. "बाबा, काय म्हणाले सेंटरवाले?"

"इंजिन गेलं म्हणाले."

"मग भरून देणार ना ते?"

"नाही गं. चूक माझीच होती."

"बरं, मग विकून टाका आता. आईच नाही, तर कशाला हवीये गाडी?"

"बघू," बाळाजी म्हणाले. "बरा आहे मी."

रविवार उजाडला. बाळाजींनी अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला, घराला कुलूप लावलं आणि खाली आले. गाडीत बसले. घडी उलगडून रुमाल डॅशबोर्डवर जागच्या जागी अंथरला, कोपरे सारखे केले. सवयीनं चावी फिरवली. इंजिन काही हललं नाही, पण बॅटरीत जीव होता. खांबांच्या त्या सावलीत झालरीच्या गुलाबी फुलांमधून लाल उजेड पाझरायला लागला.

बाळाजी बघत राहिले. मग पुढं वाकून दोन बोटांनी त्यांनी झालर आत खोचली. किटलीचा दिवा लख्ख दिसायला लागला.

"हं, चला," ते मोठ्यानं म्हणाले. आणि स्टिअरिंगवर हात ठेवून तसेच बसून राहिले.