रुळावरचं गोडेतेल

"पोरी, जे आपल्यासाठी राबतं, त्येला वरसातनं येकदा तरी तेल पाजावं."

आईचा, सोजरबाईंचा हा आवाज कुसुमताईंच्या कानात कधीचा येऊन बसला होता आणि उठायचं नाव घेत नव्हता. सासवडकडच्या त्या घरात खंडेनवमीच्या सकाळी आई विळी, खुरपं, कुऱ्हाड, अडकित्ता अशी सगळी मंडळी पाटावर ओळीनं बसवायची आणि बोटानं तेल लावता लावता गुणगुणायची :

दसऱ्याच्या आदल्या दिशी, तेल विळीच्या पात्याला
हळदकुंकू लेववीते, माझ्या राबत्या जात्याला

आई गेली, जातं गेलं. कुसुमताई नारायण पेठेत सून होऊन आल्या, शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या. खंडेनवमीचं तेल तेवढं सुटलं नाही. आधी शिवणयंत्राला, मग नवऱ्याच्या, श्यामसुंदरांच्या स्कूटरला, मग त्यांच्या बुधवार पेठेतल्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानातल्या पकडी-पान्ह्यांना. दुकानात रेडिओच्या जागी संगणक आले तेव्हा मात्र श्यामसुंदरांनी हात जोडले होते. "अगं, याला नुसतं फूल वाहा. तेल नको." तेवढं एक कुसुमताईंनी ऐकलं.

आणि दुकान बंद केल्यावर आली ही गाडी.

हिंजवडीतल्या एका कंपनीनं ती बांधून घेतली होती. नोकरभरतीचे दिवस तेजीत होते, तेव्हा ही गाडी कॉलेजाकॉलेजांत जाऊन उभी राहायची. बटण दाबलं की तिची एक बाजू खोलीसकट बाहेर सरकायची आणि त्या खोलीत पोरांच्या मुलाखती व्हायच्या. मग मंदी आली, भरती थांबली, गाडी कुंपणाशी धूळ खात पडली. कंपनीचे संगणक दुरुस्त करायला जाणाऱ्या श्यामसुंदरांनी ती मागून घेतली. मुलाखतीच्या टेबलाच्या जागी पलंग आला, फायलींच्या कपाटात डबे आले. दोघांनी मिळून समुद्राच्या कडेकडेनं खाली गोकर्णापर्यंत जायचं ठरवलं. कुसुमताईंनी आयुष्यभर शाळेच्या सहली नेल्या होत्या, पण त्यांत त्यांचा सगळा वेळ पोरं मोजण्यात गेला होता. समुद्र बघायचा राहूनच गेला होता.

पण दिवाळीपासून ती सरकती खोली अडायला लागली. बटण दाबलं की मोटर कण्हायची, खोली वीतभर पुढे यायची आणि रुसलेल्या जावयासारखी तिथंच थांबायची.

गाडी मार्केट यार्डाजवळ रावसाहेबांच्या टेम्पोतळावर उभी असे. रावसाहेब दुकानापासूनचे स्नेही. येता-जाता चिमटा काढल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे.

"काय शामराव, निघाली का वरात?"

"खोली सरकू दे, की निघालो."

"वहिनी, पुण्यात मेट्रो येईल, पण ही खोली बाहेर यायची नाही."

"मेट्रो आली तर आधी तुमचा तळ जाईल, भावजी," कुसुमताई म्हणाल्या, आणि रावसाहेब खूश होऊन चहा सांगायला गेले.

त्या हसल्या खऱ्या, पण आत काहीतरी टोचत होतं. रेडिओच्या पोटातला केसाएवढा तुटका धागा सोल्डर करणारा माणूस एका सरकत्या भिंतीपुढे महिनोन्‌महिने हात टेकतो? कधी म्हणे बॅटरी उतरलीय, कधी म्हणे जमीन तिरकी आहे, कधी नुसतंच "बघतो". आणि संध्याकाळी घरी येताना चेहऱ्यावर चिडचीड नसे. सुटल्यासारखं काहीतरी असे. एवढ्याशा गाडीत, चोवीस तास, फक्त आपण दोघं. यांना तेच तर नको झालं नसेल? घरात पेपर असतो, शेजार असतो, कट्टा असतो. तिथं काय? नुसती मी.

हा विचार त्या पोळी लाटताना झटकत आणि कुकर लावताना तो परत येई.

माघातल्या त्या दुपारी त्या डबा घेऊन तळावर आल्या. श्यामसुंदर नेहमीसारखे बाहेर खुर्ची टाकून मोटरीकडे बघत बसले होते. डबा उघडताना झाकण हातून निसटलं आणि गडगडत खोलीच्या खालच्या फटीत गेलं. कुसुमताईंनी वाकून हात घातला. बोटं लोखंडी रुळाला लागली आणि चिकटली.

त्यांनी हात बाहेर काढला. बोटांवर तपकिरी, डिंकासारखं काहीतरी. त्यात मार्केट यार्डातली धूळ, कांद्याचं फोलपट, झेंडूची सुकलेली पाकळी. बोट नाकाशी नेलं. खवट वास. शेगडीवरच्या फळीवर जमतो ना, सोड्याच्या गरम पाण्याशिवाय निघत नाही, तोच राप.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या. "हे शेंगदाण्याचं तेल आहे."

श्यामसुंदरांनी मोटरीवरची नजर काढली नाही.

"खंडेनवमीला मीच ओतलं. दोन्ही रुळांना, चांगलं पळीपळीनं. म्हटलं, एवढं मोठं धूड ओढतात बिचारे." त्यांना हसू येत होतं आणि लाजही वाटत होती. "तुम्ही बॅटरीला दोष देत बसलात आणि चोर घरातच!"

"असू दे गं."

"असू दे काय? काढूया. आत्ता काढूया."

त्यांनी पदर खोचला. रावसाहेबांकडून वाटीभर डिझेल आणि जुनी धोतराची फडकी आली. कुसुमताई रुळाशी बसल्या. श्यामसुंदरही मग खुर्चीतून उठले, पलीकडच्या रुळाशी बसले.

"कडेच्या रबराला डिझेल लावू नकोस. फुगेल ते."

"बरं."

"रगडू नकोस. आधी भिजू दे. मग लाकडाच्या चिपेनं खरवड."

सूर जुना, दुकानातला होता. कितीतरी दिवसांनी ऐकला. राप सुटत गेला, खालचं लोखंड उजळत गेलं. शेवटी कोरड्या फडक्यानं पुसून श्यामसुंदरांनी नळकांड्यातल्या कोरड्या वंगणाचा फवारा रुळांवर मारला, धूळ धरत नाही तो.

"दाब बटण," ते म्हणाले.

कुसुमताईंनी दाबलं. मोटर कण्हली नाही. पाहुण्याला दारातून "या ना" म्हणावं तशी खोली सरळ, एका दमात बाहेर आली. आत उन्हाची चौकट पडली. पलीकडून रावसाहेब ओरडले, "आता मेट्रोचं काही खरं नाही!"

"मिटवून बघा," कुसुमताई म्हणाल्या. खोली तितक्याच शहाण्यासारखी आत गेली.

त्या आत जाऊन नकाशा घेऊन आल्या, ड्रायव्हरशेजारच्या जागेवर बसून मांडीवर पसरला. हात डिझेलचे होते, कडेला डाग पडला, पडू दे. "चढा. नुसती कात्रजपर्यंत चक्कर. उजेड आहे अजून."

श्यामसुंदर चढले. स्टिअरिंगमागे बसले. किल्ली लावली, पण फिरवली नाही. हात मांडीवर ठेवून समोरच्या काचेकडे बघत राहिले. बाहेर एक हमाल गुळाची ढेप पाठीवर घेऊन गेला.

"तेलाचं मला पहिल्या दिवशीच कळलं होतं," ते म्हणाले.

 म्हणजे आपण जे झटकत होतो तेच खरं, कुसुमताईंना वाटलं. पोळपाटावर आणि कुकरपाशी गिळलेलं सगळं एकदम ओठांवर आलं.

"माझ्याबरोबर जायचं नाहीये का तुम्हाला? तसं सांगा. मी रागावणार नाही."

श्यामसुंदरांनी दचकून त्यांच्याकडे बघितलं. नुसती नजर वळवली नाही, पूर्ण मान वळवली, मग खांदाही.

"भलतंच काय बोलतेस? काचबिंदू झालाय मला, कुसुम. गणपतीत कळलं. समोरचं लख्ख दिसतं, कडेनं येणारं काहीच दिसत नाही. आत्ता तू बोलेपर्यंत या बाजूला तू आहेस हेसुद्धा दिसत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, गाडीला हात लावायचा नाही. रोज ठरवायचो, आज सांगू. पण सांगितलं असतं, तर तू एक शब्द न बोलता हा नकाशा घडी घालून कपाटात ठेवला असतास. ते मला बघवलं नसतं गं."