नवरीच्या सीटखालचा पंप

नवरीची गाडी निघाली असं समजून कुणीतरी फटाक्यांची लांबलचक माळ पेटवून दिली, आणि गाडी मात्र जागची हलली नाही. धूर विरला तेव्हा थिएन-फाच्या गॅरेजपुढे सहा गाड्या ओळीनं तशाच उभ्या. पहिली काळी, जुनी. टपावर रिवाजाप्रमाणे मुळासकट उपटलेला हिरवा बांबू, बांबूला लटकवलेला डुकराच्या मांसाचा तुकडा, मागच्या सीटवर नवरा-नवरी. आणि आतून आवाज, खुर्र-खुर्र-खुर्र. थांबला. पुन्हा खुर्र-खुर्र-खुर्र. सेल्फ झकास फिरत होता, पण इंजिन काही पकडत नव्हतं.

दुसऱ्या कुणाच्या दारात असं झालं असतं तर लोक हसून मोकळे झाले असते. पण थिएन-फा म्हणजे मातोउ गावातला चाळीस वर्षांचा जुना मेकॅनिक. नवरी त्याची एकुलती एक लेक पेइ-छी, बारा वर्षं त्याच गॅरेजात बापाच्या बरोबरीनं राबलेली. आणि ही गाडी मंगळवारी खुद्द थिएन-फानं नवा पंप टाकून, तपासून, हात झटकून दिलेली. म्हणजे लाज जायची तर सगळी एकाच घरची!

लाजेचंही एक वेळ सोडा. नवऱ्याकडची क्वो आजी, सत्त्याऐंशी वर्षांची, तिची गोष्ट वेगळी होती. साखरपुड्याला सगळ्यांच्या देखत ती म्हणाली होती, "सून इंजिनवाली असली तरी माझी हरकत नाही. मुहूर्त अकराचा आहे. अकराच्या आत तिचं पाऊल माझ्या घरात पडलं, तर खुशाल जाऊ दे तिला रोज बापाच्या गॅरेजात. पण जिला एवढी यंत्रं कळतात तिचीच गाडी उशिरा आली, तर ते पाने-पकडी माहेरीच ठेवायचे आणि आमच्या तांदळाच्या दुकानात बसायचं."

लोक हसले. थिएन-फा हसला नाही, कारण म्हातारीही हसत नव्हती.

आणि आणखी एक कारण होतं. गेल्या दोन वर्षांत थिएन-फाचे कान गेले होते. उजवा पार, डावा निम्मा. हे कुणालाच माहीत नाही असा त्याचा समज होता. गाडी आली की तो बॉनेट उघडून कान लावल्यासारखं करायचा आणि गुपचूप लेकीच्या तोंडाकडे बघायचा. "टॅपेट वाजतोय ना, बाबा?" ती म्हणायची. "वाजतोय तर," हा म्हणायचा. ती तांदूळ विकायला बसली तर गॅरेज महिन्याभरात बंद पडलं असतं. आणि गॅरेज गेलं खड्ड्यात, दुपारचा डबा कुणाबरोबर खायचा?

दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. नवऱ्याचं गाव, श्युएच्या, तिथून अर्ध्या तासावर होतं.

"उतरा, दुसऱ्या गाडीत बसा की!" मागच्या गाडीतून कुणीतरी ओरडलं.

"खबरदार!" थिएन-फाची थोरली बहीण पाओ-चू दारातूनच कडाडली. पेइ-छीची आई लवकर गेली, तेव्हापासून या आत्यानंच पोरीला वाढवलं, आणि आजचे सगळे रीतिरिवाज तिच्या ताब्यात होते. "नवरी एकदा गाडीत बसली की सासरच्या दारातच उतरते. मध्ये उतरली तर तिचं दुसरं लग्न लागतं."

"नको, नको, बसू दे!" आतून नवरा पो-युआन घाईघाईनं म्हणाला.

"मग दोरीनं ओढून नेऊ?"

"दोरीनं म्हशीला नेतात. नवरी आहे ती!"

थिएन-फानं नव्या कोटाच्या बाह्या वर सारल्या आणि बॉनेट उघडलं. नवा पंप त्यानंच टाकला होता ना. मनात तोच खुपत होता. सेल्फ फिरतोय म्हणजे बॅटरी चांगली, स्टार्टर चांगला. मग इंजिनाला पेट्रोल पोचत नसेल, नाहीतर ठिणगी पडत नसेल. पेट्रोलच असणार. पंपाचं कनेक्शन सुटलं असणार. माझीच चूक.

तो मागच्या दाराशी आला. "मागची सीट उचलायला पाहिजे. पंप त्याच्याखाली आहे."

मागच्या सीटवर पेइ-छी बसली होती. नवरीचा पांढराशुभ्र घेरदार पोशाख दोन्ही दारांपर्यंत पसरलेला, त्यात नवरा कसाबसा कोपऱ्यात चेपलेला.

"बाबा," पेइ-छी म्हणाली, "सीट उचलायची तर मला उतरावं लागेल."

"उतरायचं नाही!" आत्या.

"नाही उतरत गं. आ-ख्वान, किल्ली बंद कर आणि नुसती ऑनवर फिरव. सेल्फ मारू नको, पंप वाजतो का ते ऐकू दे."

आ-ख्वान म्हणजे नवऱ्याचा मावसभाऊ. तो गाडी चालवत होता. त्यानं किल्ली फिरवली. पेइ-छीनं डोळे मिटले.

थिएन-फानंही मिटले. त्याला काही ऐकू आलं नाही. त्यानं सवयीप्रमाणे लेकीच्या चेहऱ्याकडे बघितलं, तर चेहऱ्यावर पावडरचा हा थर! आज त्यावरून काही कळायला मार्ग नव्हता.

"वाजतोय ना?" ती म्हणाली.

आता काय म्हणावं? "वाजतोय... म्हणजे, थोडासा..."

"थोडासा नाही, मस्त वाजतोय. माझ्या बुडाखालीच तर आहे."

"पेइ-छी!" आत्यानं कपाळावर हात मारून घेतला. "नवरीनं असं बोलतात का!"

"पंप चांगला आहे, बाबा. तुमचं काम चोख आहे. आता ठिणगी बघा."

थिएन-फाचा अर्धा जीव भांड्यात पडला. उरलेला अर्धा अजून टांगलेलाच. त्यानं पहिल्या प्लगवरची कॉइल काढली, प्लग खोलला, कॉइलला लावून इंजिनाच्या लोखंडाला टेकवला. "मार सेल्फ!" खुर्र-खुर्र-खुर्र. प्लगच्या टोकाला काहीच नाही. काळोख. त्यानं प्लग नाकाशी धरला.

"ठिणगी नाही," तो ओरडला. "आणि प्लग कोरडा. पेट्रोलचा वाससुद्धा नाही."

"दाखवा इकडे."

त्यानं खिडकीतून प्लग आत दिला. नवरीनं पांढऱ्या हातमोज्यातल्या दोन बोटांत तो धरला, उजेडाकडे फिरवून बघितला, हुंगला आणि नवऱ्याच्या नाकापुढे नेला. पो-युआननं इमानेइतबारे वास घेतला आणि गंभीरपणे मान डोलावली. त्याला काडीचं कळलं नव्हतं. याच गाडीचे नसलेले बिघाड सांगत वर्षभर गॅरेजच्या चकरा मारून त्यानं ही पोरगी पटवली होती, आणि आज खरा बिघाड समोर आला तर गडी घामानं डबडबला होता.

"दहा वाजून तेरा," त्यानं हळूच सांगितलं.

"गप रे, विचार करू दे. बाबा, इकडे या. पेट्रोल येत नाही आणि ठिणगीही नाही. दोन्ही एकाच दिवशी, एकाच क्षणी मरतात का कधी?"

थिएन-फानं डावा कान खिडकीशी नेला. "नाही मरत."

"नऊ वाजता गाडी अर्धा तास धावून आली आणि दारात उभी राहिली. एवढ्यात दोन्ही मेले? छे. दोघांना कुणीतरी थांबवून ठेवलंय."

"इंजिन फिरतंय हे सांगणारा सेन्सर गेला असेल," थिएन-फा म्हणाला. आता त्याचंही डोकं चालायला लागलं होतं. दोघं असे बोलायला लागले की त्याची धास्ती आपोआप विरघळायची. "तो गेला की दोन्ही बंद होतात."

"बरोबर. आ-ख्वान, पुन्हा मार. थांब, थांब, मला इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा बघू दे." ती पुढच्या दोन सीटांमधून वाकली; पोशाखाचा टाका उसवल्याचा टर्र आवाज झाला, आत्यानं डोळे मिटून घेतले. "हलतोय काटा! सेल्फ मारताना दोनशेपर्यंत जातोय. म्हणजे सेन्सर सांगतोय, इंजिन फिरतंय म्हणून. तोही चांगला."

"मग राहिलं काय?"

पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही अडवणारी आता एकच गोष्ट उरली होती. आणि मग दोघं एकदमच म्हणाले, "किल्ली!"

"किल्लीचा दिवा बघ, आ-ख्वान. काट्याच्या शेजारी छोटासा लाल दिवा असतो. चमकतोय का?"

"दिवा दिसतच नाही. इथे शुभचिन्हाचा लाल कागद चिकटवलाय."

"काढ तो कागद."

"हात लावशील तर याद राख!" आत्या पुढे धावली. "मी चिकटवलाय. शुभ कागद फाडतात का कुणी, नवरी गाडीत असताना?"

सकाळपासून आत्या एका हातात कात्री, एका हातात गोंद घेऊन हिंडत होती. सासरी जाणाऱ्या प्रत्येक वस्तूवर लाल कागद पाहिजे; फ्रिजवर, धुलाई यंत्रावर, चपलांच्या खोक्यावर, टूथब्रशाच्या डबीवरसुद्धा. थिएन-फानं मुकाट्यानं आत हात घातला आणि कागदाची एक कड नखानं अलगद उचलली. खाली लाल दिवा डोळे मिचकावत होता.

"चोर समजतेय गाडी आपल्याला," पेइ-छी म्हणाली. "आ-ख्वान, किल्ली दाखव."

आ-ख्वाननं किल्ली काढून वर धरली. किल्लीची सगळी मूठ सोनेरी वर्खात गुंडाळलेली, वरून लाल दोरा.

"आत्या?"

"अगं, काळीकुट्ट मूठ होती ती!" आत्याचा आवाज आता जरा खाली आला होता. "लग्नाच्या दिवशी सगळे हात लावणार, आणि काळी? तुम्ही सगळे आत गोड खात होतात, तेव्हा मी याच्याकडून मागून घेतली. लग्नाच्या बिस्किटांच्या डब्यातला छान सोनेरी कागद होता. तीन पदर घातले, नीट बसावा म्हणून."

"पण गाडीच काळी आहे की, ताई!" थिएन-फा म्हणाला.

"गाडी मोठी आहे. तिला कागद पुरला नाही."

अंगणात जो हशा पिकला तो सहाव्या गाडीपर्यंत गेला. थिएन-फा मात्र हसता हसता दोरा सोडत होता. मुठीच्या पोटात तांदळाच्या दाण्याएवढा एक तुकडा असतो. गाडी त्याला विचारते, घरचा का परका? आत्यानं त्या बिचाऱ्याला पत्र्याच्या तीन गोधड्यांत घालून झोपवलं होतं. तो काय उत्तर देणार? सेल्फ फिरवायला गाडीची ना नव्हती, पण पेट्रोल आणि ठिणगी ती परक्याला द्यायला तयार नव्हती.

वर्ख निघाला. प्लग जागेवर बसला, कॉइल बसली. "मार!"

खुर्र— आणि इंजिन धडाडलं. थिएन-फाला ते कानानं कमी आणि बॉनेटवर ठेवलेल्या तळहातानं जास्त कळलं. दहा वाजून बावीस मिनिटं.

"बाबा, निघते," पेइ-छी खिडकीतून म्हणाली. एवढंच. पावडरच्या थरातून दोन ओघळ खाली आले. थिएन-फाला खूप काही म्हणायचं होतं. तो म्हणाला, "तिसऱ्या गिअरात जास्त ताणू नका," आणि ती गाडी ऑटोमॅटिक होती.

सहा गाड्या वळणाआड गेल्या. मग तो गॅरेजच्या पायरीवर बसला. पाहुणे पांगले. आत्या शेजारी येऊन बसली, वर्खाची गोळी करत राहिली, आणि म्हणाली, "मी मुद्दाम नव्हतं रे केलं."

"माहीत आहे, ताई."

"उशीर झाला तर म्हातारीला मी सांगेन. माझ्यामुळे झालं म्हणून."

पावणेअकरा. अकराला दहा. अकराला पाच. अकरा वाजून गेले. फोन वाजला तो आत्यालाच ऐकू आला. तिनं बटण दाबून आवाज मोठा केला आणि फोन भावाच्या डाव्या कानापाशी धरला. डाव्याच. त्यानं चमकून तिच्याकडे बघितलं. ती दुसरीकडे बघत होती.

"व्याहीबुवा," क्वो आजीचा खरखरीत आवाज आला, "सून घरात आली. अकराला तीन मिनिटं कमी होती. मी घड्याळ हातात घेऊन दारात बसले होते."

"नातू सांगतोय की तुमच्या दारात गाडी अडली, आणि पोरीनं जागेवर बसल्या बसल्या बिघाड शोधला. तो तिच्या प्रेमात आंधळा आहे, त्याचं मी धरत नाही. तुम्ही चाळीस वर्षांचे मेकॅनिक. तुम्ही सांगा. कुणी शोधला?"

एरवी तो म्हणाला असता, दोघांनी मिळून. तेही काही खोटं नव्हतं. पण त्यानं एकदा बहिणीकडे बघितलं.

"तिनं," तो म्हणाला. "पंप वाजतोय की नाही, ते मला ऐकूच आलं नाही. दोन वर्षं झाली, आजी. मला इंजिन ऐकू येत नाही. ती नसती तर मी अजून सीट उचलत बसलो असतो."

फोनमागे कुठेतरी पेइ-छीचं हसणं आणि भांड्यांचा आवाज येत होता.

"हं," म्हातारी म्हणाली. "मी शब्दाची पक्की आहे. अकराच्या आत म्हटलं होतं, अकराच्या आत आली. परवा ती माहेरपणाला येईल, त्या दिवशी तिला कामाला लावायचं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून पाठवते. सकाळी साडेआठला चालेल का?"

थिएन-फानं बाहीनं डोळे पुसले आणि कोटाला ग्रीस फासलं.

"आम्ही आठला उघडतो," तो म्हणाला.