तिघांच्या रेघा सारख्याच

मित्रांनो, मी एक जुनी मशीन आहे, एवढं मात्र नक्की. बाकी माझ्याबद्दल माझंच मत अजून ठरलेलं नाही. माझं काम सांगायला सोपं आहे. माणसाच्या डोक्याला लेप लावून त्यावर वायरी चिकटवायच्या, आणि मेंदूत जी बारीकशी वीज खेळत असते तिच्या रेघा माझ्या आठ पेनांनी कागदावर काढायच्या. रेघा मी काढते, पण त्या मला वाचता येत नाहीत. पोस्टमनला पत्रातला मजकूर कुठे ठाऊक असतो? तसंच माझं.

दूरच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला आणि तिथून प्रोफेसर नीताबाईंनी मला मागवून घेतलं. त्या मुंबईच्या एका कॉलेजात मेंदूविषयी शिकवायच्या. शांत करणाऱ्या गोळ्या डोक्यात जाऊन नेमकं करतात काय, हाच त्यांचा ध्यास. १९९६ साली त्यांनी जव्हारला एसटी स्टँडच्या मागे एक खोली भाड्याने घेतली आणि मला तिथे आणून बसवलं. महिन्यातून एका मंगळवारी त्या यायच्या. मला सांभाळायला जव्हारचेच रोहिदास होते. ते माझी पेनं धुवायचे, शाई भरायचे आणि "अशी मशीन या भागात दुसरी नाही" असं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे. मी अगदी फुगून जायचे.

मग सकू आली. जव्हारकडच्याच वांगणी गावची, जेमतेम विशीची. वावर गावापर्यंत चालत आणि पुढे जीपने. सोबत नवरा जिवा आणि सासू हिराबाई. सकूला फिट यायची, शेतावर, पाणवठ्यावर, कुठेही. भगताकडे कोंबडं देऊन झालं होतं, पण काही गुण आला नव्हता. नीताबाईंनी तिला शांत करणारी गोळी सुरू केली, रोज रात्री एक.

"हिची फिट थांबलीच पाहिजे, रोहिदास. चुलीपाशी असताना आली तर?" असं त्या म्हणाल्या. ते ऐकून मलाही काळजी वाटली.

नीताबाईंची एक पद्धत होती. गोळी घेणाऱ्याच्या रेघा काढायच्या आणि त्याच घरातल्या, गोळी न घेणाऱ्या माणसांच्याही काढायच्या. गोळी पोटात गेली की रेघांत एक दाट, बारीक थरथर येते. ती एकाच्या कागदावर दिसली आणि दुसऱ्याच्या नाही, म्हणजे गोळीचं काम कळलं.

महिन्याने मी तिघांच्या रेघा काढल्या. सकूच्या कागदावर थरथर होती, पण पुसट. जिवाच्या कागदावर तेवढीच. हिराबाईंच्याही तेवढीच. आणि फिट तर चालूच होती. नीताबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"वायरींची अदलाबदल झाली का हो?"

"नाही मॅडम, मी स्वतः बघून लावल्या."

"मग गोळी एकीला आणि परिणाम तिघांवर, असं कसं होईल?"

मलाही तेच कळेना. नीताबाईंनी सकूची गोळी दुप्पट केली. पुढच्या खेपेला तिघांचीही थरथर वाढली, आणि तीही सारखीच. आता मात्र सगळ्यांची नजर माझ्याकडे वळली. नाशिकहून मेकॅनिक आला. त्याने मला तीनदा उघडलं, आतून फुंकलं, दोन तारा बदलल्या आणि "मशीन ठीक आहे" म्हणून निघून गेला. रेघा पुन्हा तशाच. माझं कौतुक करणारे रोहिदास आता जाता-येता माझ्या कुशीवर थापट्या मारू लागले. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं आज म्हणता येतं. तेव्हा मला वाटायचं, चोर मीच असेन. आपण काय लिहितो हे ज्याला कळत नाही, त्याने स्वतःची बाजू तरी कशी घ्यावी?

थंडीतल्या एका मंगळवारी सकू आली ती हाताला फडकं गुंडाळूनच. भाकरी थापताना फिट आली होती आणि उजवा हात चुलीत गेला होता. नीताबाईंनी हात पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"या गोळीचा हिला उपयोग नाही," त्या हळूच म्हणाल्या. "बंद करू या."

सकूने मान वर केली. "मंग सासूची पन बंद करावाची का बाय? ती आता बरी निजते."

"सासूची कुठली गोळी?" नीताबाईंनी विचारलं. मग हिराबाईच पुढे झाल्या. त्यांना यात लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं.

"घरात आनलेला एकलीनं कसा खावाचा? आमचे घरात चिंबोरी धरली तरी तिचं वाटं होतात. गोळीचं पन तीन वाटं करतो, इळ्यानं कापून."

"कमी-जास्त झाला त मोठा तुकडा तिलाच देत व्हतो, बाय," जिवा घाईघाईने म्हणाला.

नीताबाई खुर्चीत बसल्या. "मशीन तीनदा उघडली, रोहिदास," त्या म्हणाल्या, "पण गोळी कशी घेता, हे यांना मी एकदाही विचारलं नाही."

त्या दिवसापासून गोळी सकूची आणि घरात वाटून खायला बिस्किटांचा पुडा, असं ठरलं. जिवाची आणि हिराबाईंची गोळी त्यांनी एकदम न तोडता हळूहळू कमी केली. भातलावणी येईपर्यंत सकूची फिट थांबली. रोहिदासांनी मला ओल्या फडक्याने पुसलं, पण माझ्याकडे बघणं मात्र टाळलं. मला आनंद झाला की राग आला, ते अजून सांगता येत नाही. त्या घरात सगळे एकमेकांवर माया करत होते, आणि त्या मायेनेच सकूचं औषध कमी पडत होतं. हे कोड्यात टाकणारं आहे की नाही, तुम्हीच सांगा.

पुढे कॉम्प्युटर आला, खोली सुटली, नीताबाई निवृत्त झाल्या. रोहिदासांच्या पडवीत मी चादरीखाली बसून आहे. मला पुसायला या, असा माझा हट्ट नाही. पण सकूची दोन बोटं काही सरळ झाली नाहीत. पुढल्या वर्षी ती लावणीला जाताना डाव्या हाताने रोप धरायला शिकली, असं जिवा सांगत होता. म्हणून मित्रांनो, काही बिघडलेलं दिसलं, तर पान्हे आणि पेचकस शोधण्याआधी समोरच्या माणसाला विचारा. मला बोलता येत नव्हतं. सकूला येत होतं.