कडू अंगारा

अमावास्येला पन्हाळ्याच्या पायथ्याशी गुंडूमहाराजांच्या मठात पाय ठेवायला जागा नसे. त्या दिवशीही कोल्हापूरहून एसटीच्या गाड्या भरभरून येत होत्या. दम्यानं घरघरणारे म्हातारे, सांधे आखडलेल्या बायका, अंगावर खाज उठलेली पोरं, सगळे अंगाऱ्याच्या पुडीसाठी ताटकळत उभे होते. मांडवात एकेक जण उठून सांगत होता. कुणी काठी टाकली होती, कुणाला कित्येक वर्षांनी रात्रभर झोप लागली होती. थापा कुणीच मारत नव्हतं. माणसं खरोखरच बरी दिसत होती, आणि म्हणूनच महाराजांचं नाव पार मुरगूड-आजऱ्यापर्यंत पोचलं होतं.

शालूबाई आजऱ्याहून आली होती ती भावासाठी. तिचा धाकटा भाऊ आकाराम मुरगुडात दूध सोसायटीचा सेक्रेटरी. दोन वर्षांपूर्वी त्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली, तेव्हा शालूबाईनं स्वतःचं एक काढून दिलं. मद्रासकडच्या एका मोठ्या इस्पितळात ऑपरेशन झालं. आता भावजयीचा, हौसाचा निरोप आला होता की महाराजांच्या कृपेनं ह्यांच्या गोळ्या सुटल्या, तुम्ही बघायला या.

महाराजांनी आकारामला मंचावर आपल्या शेजारी बसवून घेतलं होतं. शालूबाई दिसताच त्यांनी तिलाही वर बोलावलं.

"हे बघा," महाराज लोकांना म्हणाले, "डॉक्टरांनी ह्या भणीचं मूत्रपिंड भावाच्या पोटात शिवलं, आणि सांगिटलं, मरंस्तवर गोळ्या खा. का? तर म्हणं शरीर त्येला परकं समजतंय. आरं, सख्खी भण परकी व्हय? एका आईचं दूध पिलेली ही दोघं. गोळी खाणं म्हंजी भणीच्या मायेवर संशय घेणं. आम्ही अंगारा दिला, मायेची गाठ बांधली. आता ते मूत्रपिंड घरचं झालं."

मांडव गहिवरला. बायका येऊन शालूबाईच्या पाया पडल्या. तिला ते आवडलं, आणि आवडलं म्हणूनच तिला कसंतरी झालं. ऑपरेशननंतर तिकडच्या डॉक्टरांनी दुभाष्या लावून तिलासुद्धा बजावलं होतं की गोळ्या रोज ठरल्या वेळी, जन्मभर, आणि आमच्याशिवाय कुणाच्या सांगण्यावरून त्यांना हात लावायचा नाही. मग खोटं कोण बोलत होतं?

मुरगुडात घरी आल्यावर आकाराम भरपेट जेवला. गप्पाही तोंडभरून मारल्या. पण चपला काढल्या तेव्हा पट्ट्यांचे वळ त्याच्या पावलांवर खोल रुतलेले शालूबाईला दिसले. लघवीला नीट होते का, असं तिनं विचारलं. त्यानं आधी टाळलं आणि मग चिडला. गोळ्यांनी तोंड भोपळ्यासारखं सुजलं, केस विरळ झाले, साध्या सर्दीचीही धास्ती बसली, हे सगळं त्यानं सोसलं होतं. पण सोसायटीत लोक पाठीमागं म्हणायचे, बहिणीचं काळीज खाऊनही ह्याला गोळ्या लागतातच. ते त्याला सोसवलं नव्हतं. महाराजांनी त्याची त्या बोलण्यातून सुटका केली होती.

"आक्का, तू दिलंस ते दिलंस," तो म्हणाला. "आता त्येची राखण नगं करू."

 ते शालूबाईच्या मनाला लागलं.

दुसऱ्या दिवशी हौसानं मधात कालवायला पुडी उघडली. शालूबाईनं प्रसाद म्हणून चिमूटभर जिभेवर ठेवला आणि तिचं तोंड वाकडं झालं. राख तिनं आयुष्यभर खाल्ली होती. देवळातली, धुनीतली, लहानपणी चुलीतलीसुद्धा. राख कचकचते, जराशी खारट लागते. ही मात्र कडू होती, आणि तो कडूपणा जिभेच्या मुळाशी चिकटून राहिला. ही चव तिनं कुठं घेतली होती? आणि मग आठवलं. इस्पितळात आकारामला गिळता येत नव्हतं, तेव्हा नर्सनं एक पांढरी गोळी कुस्करून पाण्यातून द्यायला सांगितली होती. चमच्याला राहिलेलं तिनं स्वतः चाटून बघितलं होतं, भावाच्या तोंडात आपण काय घालतोय ते कळावं म्हणून.

ती पुडी तिनं पदरात बांधली आणि भावाला म्हणाली, कोल्हापूरला डॉक्टरांकडं चल. तो तयार होईना. महाराजांचा कोप होईल म्हणाला.

"मी दिलंय न्हवं?" शालूबाई म्हणाली. "मग मला एकदा बघू दे की ते कसं हाय."

आकारामनं चपला पायात सरकवल्या.

डॉक्टर मीनाक्षी कारखानीस दर महिन्याला त्याची तपासणी करत असत, पण दोन महिने तो फिरकलाच नव्हता. गोळ्या सोडल्याचं ऐकून त्यांनी त्याच्याकडं निरखून पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला तो चेहऱ्याबद्दल. गोळ्या बंद करून इतके दिवस झाले, तर गालावरची सूज उतरायला हवी होती. ती तशीच कशी? शालूबाईनं पदराची गाठ सोडून पुडी टेबलावर ठेवली.

रक्त तपासलं तेव्हा मूत्रपिंडाचं काम निम्म्यावर आलेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी भावाबहिणीला समोर बसवून सगळं सांगितलं. आकारामला मुख्य गोळ्या दोन होत्या आणि दोन्ही मिळून शरीराला आवरून धरत होत्या. त्यातली एक त्यानं साफ सोडली. दुसरी, स्टेरॉइडची, बहुधा अंगाऱ्यातून त्याच्या पोटात जात होती, तीही कधी कमी, कधी जास्त. तिच्यामुळं भूक लागत होती, हुशारी वाटत होती. वर, आतलं दुखणं आणि तापही तिनंच झाकून ठेवला होता. त्याला बरं वाटत होतं आणि त्याच वेळी त्याचं शरीर बहिणीच्या मूत्रपिंडावर तुटून पडलं होतं.

"पण बाई, मी सख्खी भण हाय त्येची," शालूबाई म्हणाली.

"म्हणून तर तुमचं जुळलं," डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या. "पण माया तुम्हाला कळते, त्याच्या रक्ताला नाही कळत. अगदी एकसारखी जुळी भावंडं सोडली, तर रक्त प्रत्येकाला परकंच मानतं. त्याला रोज गप्प बसवावं लागतं. गोळी त्यासाठी आहे. त्यात तुमचा अपमान नाही. तुम्ही दिलेलं राखायचा तो एकच मार्ग आहे."

शालूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. 

त्याला त्याच दिवशी इस्पितळात ठेवलं. मद्रासकडच्या डॉक्टरांना ट्रंक कॉल लावला गेला, शिरेतून औषध सुरू झालं. पुढचे दिवस शालूबाईनं त्याच्या खाटेपाशी काढले. लघवी मोजून भांडं बाजूला ठेवताना ती मनातल्या मनात देवाचं नाव घेई, आणि गोळीची वेळ झाली की नर्सलाही हाक मारी. मूत्रपिंड वाचलं, पण पहिल्यासारखं राहिलं नाही. किती वर्षं चालेल, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नाही. खोटा धीर द्यायचा नाही म्हणून.

"आक्का, तुझं मी मोडलं," आकाराम एका दुपारी म्हणाला.

"ते माझं न्हवंच आता," ती म्हणाली. "तुझं हाय. तुझं म्हणून जप."

पुडीतली राख तपासायला पाठवली होती. उत्तर आलं, राखेत स्टेरॉइडच्या गोळ्यांची भुकटी आहे. पुढच्या अमावास्येला डॉक्टरीणबाई, शालूबाई आणि पोलीस फौजदार मठात गेले. मंचामागच्या खोलीत गोवऱ्यांच्या राखेचं पिंप होतं. त्याच्या शेजारी दगडी खल आणि गोळ्यांच्या मोठाल्या बरण्या. गुंडूमहाराज पूर्वी परजिल्ह्यात औषधांच्या दुकानात कामाला होते, तेही उघडं झालं. आधी त्यांनी शाप द्यायची धमकी दिली, मग म्हणाले, त्या गोळ्या भक्तांनी देवाला वाहिल्यात. फौजदारानं विचारलं, मग देव त्या खलात का कुटतो? 

शालूबाईनं एका हातात धुनीतली राख घेतली, दुसऱ्या हातात पुडीतली, आणि लोकांना दोन्ही चाखायला दिल्या. पुढच्या रांगेतल्या माणसांची तोंडं वाकडी झाली. मांडवात कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात दम्यानं थकलेली बनाबाई काठी टेकत पुढं आली.

"औषध असू दे न्हायतर राख," ती म्हणाली. "मला गुण आलाय. तुमी तो काढून घ्यायला आलाय व्हय?"

 डॉक्टरीणबाई मंचावरून उतरून तिच्यापाशी गेल्या. गुण आला तो औषधाचा, असं त्यांनी सरळ कबूल केलं. पण मोजमापाशिवाय घेतलेलं हेच औषध हाडं पोकळ करतं, साखर वाढवतं, आतल्या आत जखमा करतं, आणि एकदम सोडलं तर जीवही घेतं. म्हणून अंगारा खाणाऱ्या प्रत्येकानं तपासणीला यावं. आज रागानं पुडी फेकून घरी बसू नये, ते औषध हळूहळूच सोडवावं लागेल. बनाबाईनं दवाखाना कुठं आहे ते विचारलं.

सगळे काही असे वळले नाहीत. काही जण महाराजांना घेऊन निघालेल्या पोलिसांच्या जीपमागं रडत धावले. काहींनी उरलेल्या पुड्या गुपचूप खिशात घातल्या. शालूबाईला ते दिसत होतं. तिला लोकांपुढं बोलायची सवय नव्हती, तरी ती मंचाच्या पायरीवर उभी राहिली.

"माझा भाऊ येडा न्हाय," ती म्हणाली. "मीबी न्हाय. आमाला जे ऐकायचं हुतं तेच ह्यानं सांगिटलं, म्हणून आमी फसलो. देवाला हात जोडा, मी न्हाय म्हणत न्हाय. पण पोटात काय घालताय ते इचारा. त्येचं नाव काय, किती घ्यायचं, कशापायी घ्यायचं, आन सोडलं तर काय हुतंय. इचारल्यावर ज्येला राग येतोय, त्येच्या हातचं काय बी खाऊ नगा."