पेटीत ठेवलेला फोन

या मायबाप, जरा पुढे सरका. एका रात्रीची गोष्ट सांगतो, तिखटमीठ न लावता.

आमच्या शेजारच्या मळ्यातला दादा. त्याच्या पडीक तुकड्यावर शहरातली चार कुटुंबं पोराबाळांसकट रात्र काढायला आली होती. बरोबर शिकवणारे सर. काडेपेटीशिवाय जाळ करायचा, दोर बांधून आडोसा उभारायचा, आणि सकाळपर्यंत बाहेरच्या कुणाची मदत मागायची नाही, असा तो खेळ. सरांनी लोखंडी पेटी पुढे केली. सगळ्यांचे फोन आणि गाड्यांच्या किल्ल्या आत गेल्या.

दादा बघत होता. पाहुणे रिकाम्या हातानं बसलेत आणि आपल्या खिशात फोन, हे त्याला पंगतीत एकट्यानंच तूप वाढून घेतल्यासारखं वाटलं. त्यानंही आपला, घरातला एकुलता एक फोन पेटीत टाकला.

"अहो, तांबूचे दिवस भरलेत," वहिनी म्हणाली.

"डॉक्टर म्हणालेत, दोन दिवस आहेत अजून."

"गाय काय डॉक्टरला विचारून विते?"

सगळे हसले. दादाही हसला. सरांनी कुलूप लावलं, पेटी जीपमध्ये टाकली, "सकाळी सातला भेटू," म्हणाले आणि गेले. पोरांना खरी अडचण कळायला हवी ना.

दिवस मावळला आणि तांबू उठबस करू लागली. एक खूर बाहेर दिसला, दुसरा दिसेना. वहिनीनं साबण लावून कोपरापर्यंत हात आत घातला.

"पाय दुमडलाय. माझा हात पुरत नाही."

पाहुण्यांतले वकील धावत आले. "गाडी आहे ना, डॉक्टरला घेऊन येऊ."

"आणि किल्ली?" त्यांच्या बायकोनं विचारलं.

"सिनेमात तारा जोडून चालू करतात."

"तुम्हाला मिक्सर चालू करता येत नाही."

एरवी हशा पिकला असता. चार गाड्या ओळीनं उभ्या, आणि दादा सायकलवर टांग टाकून निघाला. डॉक्टरचं घर चार कोस. जवळचं घर म्हणाल तर आमचं, आणि त्या दिवशी मी लेकीकडे गेलेलो. दारात येऊन त्यानं कडी वाजवली असेल. अजून मला ती ऐकू येते.

डॉक्टरच्या दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "पुढच्या गावाला गेलेत, उशिरा येतील." डॉक्टरचा नंबर तिच्याकडे नव्हता, दादाचा पेटीतल्या फोनमध्ये. दादा पायरीवर बसला, उठला, पुन्हा बसला. शेवटी निरोप ठेवून माघारी फिरला.

इकडे वकिलांची नऊ वर्षांची लेक तांबूचं तोंड मांडीवर घेऊन बसलेली.

"काकू, ती रडतेय का?"

"नाही गं, दमलीय."

वहिनीनं तीनदा, चारदा हात घातला. पाचव्यांदा दुमडलेला गुडघा बोटांना लागला आणि पाय सरळ झाला. पण ओला खूर हातातून निसटायचा. पोर उठली. दुपारी शिकलेली गाठ तिनं खुरांवर मारली.

"ही ओढली की सुटत नाही, सर म्हणाले."

खरंच सुटली नाही. तांबूनं कळ दिली की बायामाणसं दोर ओढायची. दादा सायकल टाकून गोठ्यात शिरला तेव्हा वासरू नुकतंच बाहेर आलं होतं. श्वास यावा म्हणून त्यानं वासराच्या नाकात गवताची काडी फिरवली, छाती चोळली, देवाला हाक मारली. वासरानं तीन-चार श्वास घेतले. मग घेतले नाहीत. तांबू त्याला चाटत राहिली. तिला कोण सांगणार?

सातच्या ठोक्याला सर आले. पोरांना रांगेत उभं करून ज्याला त्याला कागद दिला, रात्र यशस्वीपणे काढल्याचा. वकिलांच्या लेकीनं घेतला नाही.

पेटी उघडली. दादानं फोन घेतला. डॉक्टरचे तीन कॉल येऊन गेले होते, ऐन दिवेलागणीचे. खाली दोन ओळी: 'तुमच्या बांधावरून चाललोय. गाय बघायची का? फोन उचलत नाही, म्हणजे ठीक असेल.'

दादानं त्या ओळी दोनदा वाचल्या. फोन खिशात घातला आणि पाहुण्यांना विचारलं, "चहा घेऊन निघाल ना?"

तांबू वाचली, मायबाप. देवानं तेवढं ठेवलं. माझं मागणं एवढंच, की घरी पाहुणा आला की आमच्या दादाची आठवण काढा. वेडा म्हणून नका. पाहुण्याला एकटं वाटू नये म्हणून त्यानं फोन ठेवला होता.